वीतभर उंचीची पोर

मराठी घरात धातूच्या बायका पुष्कळ आहेत. देवघरात नवरीबरोबर माहेरून आलेली अन्नपूर्णा असते. टाकावर खंडोबाच्या पाठीशी घोड्यावर बसलेली म्हाळसा असते. भाद्रपदात गौरींचे पितळी मुखवटे बाहेर निघतात. जुन्या वाड्यांत हातात पणती धरून उभी राहिलेली दीपलक्ष्मी असे. पानाच्या तबकातला अडकित्तासुद्धा कधीकधी माणसाच्या घाटाचा असे आणि न्हाणीघरातली पाय घासायची वज्रीही नुसती ओबडधोबड नसे. पुण्यात दिनकर केळकरांनी जन्मभर जमवलेल्या वस्तूंच्या संग्रहालयात हे सगळं पाहता येतं, आणि रोजच्या वापरातल्या वस्तूवर आपल्या कारागिरांनी किती जीव लावला होता ते कळतं.

यातल्या प्रत्येकीला एक तर नाव आहे, नाहीतर काम. अन्नपूर्णेच्या हातात पळी आहे, दीपलक्ष्मीच्या हातात दिवा. हे पुस्तक मात्र जिला नाव नाही, काम नाही, वाहन नाही आणि कुणाला आशीर्वादही द्यायचा नाही, अशा मुलीबद्दल आहे. ती नुसती उभी आहे, चालते आहे किंवा वाट पाहत बसली आहे. ब्राँझची आहे, वीतभर उंचीची आहे आणि तरुण आहे. अशी मूर्ती पाश्चात्त्य देशांत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मध्यमवर्गाच्या बैठकीत जाऊन बसली. आपल्याकडे ती का आली नाही, हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि माझ्या मते मराठी शिल्पकलेबद्दल विचारायचा तो फार मोठा प्रश्न आहे.

पुस्तकाची लेखिका स्वतः मूर्तिकार आहे. पानशेतला, आंबी नदीवरच्या धरणाच्या वरच्या अंगाला ती राहते आणि काम करते. वेल्हे-पानशेतच्या मावळपट्ट्यातल्या मुली हाच तिचा विषय आहे. भातलावणीत गुडघाभर चिखलात उभी राहून पाठ सरळ करणारी, डोक्यावर इरलं घेऊन बांधावरून जाणारी, यष्टीची वाट पाहताना एका पायावर भार टाकून दुसरा पाय सैल सोडणारी. तिच्या मूर्ती पाहिल्यावर मला पहिली गोष्ट जाणवली ती त्यांच्या मानेची. या भागातल्या बायका लहानपणापासून डोक्यावर ओझं वाहतात, आणि ओझं नसतानाही त्यांची मान तशीच ताठ, किंचित मागे असते. हे छायाचित्रात सहसा पकडता येत नाही. मूर्ती हातात घेऊन फिरवली की लगेच दिसतं. लहान शिल्पाचं हेच मोठेपण आहे. पुतळ्याभोवती आपण फिरतो, इथे मूर्ती आपल्या हातात फिरते, आणि शिल्पकाराचा अंगठा जिथे मातीवर दाबला गेला तिथे आपलाही अंगठा जाऊन टेकतो.

इतकी लहान मूर्ती या उपखंडाला नवी नाही. मोहेंजोदडोला 1926 मध्ये सापडलेली ब्राँझची मुलगी साडेदहा सेंटीमीटर उंच आहे. एक हात कमरेवर, दुसरा हात खांद्यापासून मनगटापर्यंत बांगड्यांनी भरलेला, हनुवटी वर. तिला नर्तकी म्हणायची पद्धत पडली, पण नाचण्याचा कुठलाही पुरावा तिच्या अंगावर नाही. ती एक मुलगी आहे आणि कुणाची पर्वा न करता उभी आहे, एवढंच खात्रीनं म्हणता येतं. आपल्या दायमाबादला 1974 मध्ये ब्राँझच्या ज्या चार भारी वस्तू सापडल्या त्यांत हत्ती आहे, गेंडा आहे, रेडा आहे, बैलांचा रथ आणि तो हाकणारा पुरुष आहे. बाई नाही. महाराष्ट्रातल्या ओतकामाचा सर्वांत जुना आणि सर्वांत देखणा नमुना हा असा आहे.

ओतण्याचं ज्ञान मात्र आपल्या दारातच होतं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मेणावरून मूर्ती ओतण्याची पूर्ण कृती दिली आहे. मेणाची मूर्ती घडवायची, तिला नळ्या जोडायच्या, बारीक मळलेल्या मातीचे थर एकावर एक चढवायचे, सावलीत वाळवायचे, मग तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत रस ओतायचा. मेण आधी तोलून ठेवायचं, म्हणजे किती धातू लागेल ते कळतं. तांब्या-पितळेला जेवढे पट, त्याहून रुप्याला जास्त, आणि सोन्याला सर्वांत जास्त. सोमेश्वराच्या राजधानीत हा हिशेब लिहिला गेला तो आजही बरोबर आहे, कारण ब्राँझ मेणाच्या सुमारे नऊपट जड असतं.

लेखिकेच्या कामात हीच कृती थोड्या फरकानं दिसते, आणि ती मी जवळून पाहिली आहे म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो. मूर्ती आधी मातीत घडते. तिच्यावरून साचा घेतात, आणि साच्याच्या आतून मेणाचा पातळ थर देतात. मधाच्या पोळ्याचं मेण नुसतं चालत नाही, उन्हाळ्यात ते लोळतं. त्यात राळ मिसळावी लागते. आतल्या पोकळीत गाभा भरतात आणि तो हलू नये म्हणून मेणातून आरपार बारीक खिळे घालतात. साच्यातून निघालेली मेणाची मुलगी हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक क्षण असतो. तिच्या नाकावर, बोटांच्या फटीत, पदराच्या कडेला शिवण राहिलेली असते. गरम सळईनं ती शिवण मिटवायची आणि मूळ मातीतला हात परत आणायचा. इथे घाई केली तर ती धातूत कायमची राहते. मग रस आत यायच्या आणि हवा बाहेर जायच्या नळ्या जोडायच्या, वरून विटांची भुकटी आणि प्लास्टर यांचं जाड कवच चढवायचं आणि भट्टीत ठेवायचं. मेण वितळून, जळून जातं. मुलगी नाहीशी होते आणि तिची जागा तेवढी उरते. मुशीतला रस हजार-अकराशे अंशांवर नारिंगी-पिवळा झाला की एका दमात ओतायचा. मध्ये थांबलं तर थराची रेघ पडते. कवच फोडल्यावर जे बाहेर येतं ते काळं, खरबरीत, नळ्यांच्या जंजाळात अडकलेलं असतं. त्यातून मान, मनगट, पाऊल सोडवायला छिन्नी आणि कानस घेऊन कित्येक दिवस जातात. मूर्ती वीतभर असली म्हणून कष्ट वीतभर नसतात. लहान मूर्तीत चूक लपवायला जागाच नसते.

हे तंत्र आपल्या कासार-ओताऱ्यांकडे पिढ्यान् पिढ्या होतं. देव ओतणारे हात होते, घंटा ओतणारे होते, समया ओतणारे होते. मग अडलं कुठे?

इथे जरा दूर, 1893 च्या शिकागोला जावं लागतं. विवेकानंदांच्या भाषणामुळे ते वर्ष आपल्याला ठाऊक आहे. त्या वर्षी तिथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात राजा रविवर्म्यांची दहा चित्रं लागली होती, हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या समाजांतल्या बायकांची, आणि त्यांना तिथे पारितोषिकही मिळालं. त्याच प्रदर्शनाच्या इमारतींसाठी प्लास्टरच्या अवाढव्य मूर्ती करायला माणसं कमी पडत होती. शिल्पकार लोराडो टाफ्ट यांनी आपल्या विद्यार्थिनींना कामाला घेऊ का असं विचारलं. वेळेत काम होणार असेल तर पांढरे ससेसुद्धा घ्या, असं मुख्य वास्तुरचनाकार म्हणाले, असं सांगतात. त्या मुलींनी ते नाव अभिमानानं मिरवलं. त्यांतली एक होती बेसी पॉटर, पुढे लग्नानंतर बेसी पॉटर व्हॉनो. सेंट लुइसला 1872 मध्ये जन्मलेली, तेव्हा विशी नुकतीच ओलांडलेली.

त्या प्रदर्शनात तिनं पॉल ट्रुबेट्स्कॉय या शिल्पकाराची लहान ब्राँझं पाहिली आणि आपल्यालाही हेच करायचं आहे असं ठरवलं. रोमन देवता नकोत, विजयाच्या पंखवाल्या मूर्ती नकोत. आपल्या ओळखीतल्या तरुण बायका, त्यांच्या रोजच्या कपड्यांत, रोजच्या हालचालीत. 1896 मध्ये तिनं बाळाला मांडीवर घेऊन बसलेली एक तरुण आई केली, 1897 मध्ये घागऱ्याची टोकं चिमटीत धरून नाचणारी मुलगी. दोन्ही टेबलावर मावतील एवढ्या. त्या मुलीच्या चेहऱ्यावर काही विशेष घडत नाही. सगळं घडतं ते कापडात. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार जाताना घागऱ्याचा घेर जो झुलतो, तेवढा क्षण तिनं धरला आहे.

आणि तिला एक मोठी सोय मिळाली. 1897 मध्ये न्यूयॉर्कला रिकार्डो बर्टेली या इटलीहून आलेल्या माणसानं रोमन ब्राँझ वर्क्स हा ओतकामाचा कारखाना काढला आणि मेणाच्या पद्धतीनं लहान शिल्पांच्या प्रती निघू लागल्या. एका मूर्तीच्या अनेक प्रती, प्रत्येक प्रतीवर शिल्पकाराची सही, विक्रीला चांगल्या दुकानांत. वकील, डॉक्टर अशा माणसांना शिल्प विकत घेता येऊ लागलं. त्यातून अमेरिकेत तरुण मुलींच्या लहान ब्राँझची एक पूर्ण परंपरा उभी राहिली आणि ती करणाऱ्यांत स्त्रिया फार होत्या. हॅरिएट फ्रिशमथ यांची 1921 मधली, वेल हातांत ताणून मागे झुकलेली मुलगी ही त्या परंपरेची सर्वांत प्रसिद्ध लेक. त्या मूर्तीच्या कितीतरी प्रती घराघरांत गेल्या, आणि मोठी आवृत्ती नंतर निघाली. आधी घर, मग बाग, मग संग्रहालय, असा तिचा प्रवास झाला.

आता मुंबई. बेसी पॉटर आपली तरुण आई घडवत होती त्याच 1896 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गणपतराव काशिनाथ म्हात्रे या विशीतल्या विद्यार्थ्यानं ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. पूर्ण माणसाच्या उंचीची, प्लास्टरची. नऊवारी नेसलेली तरुण मराठी स्त्री पूजेला निघाली आहे. मराठी शिल्पकलेत याआधी असं काही झालं नव्हतं. अंगभर नेसलेलं लुगडं असूनही, किंबहुना त्या लुगड्यामुळेच, तिच्या मांडीचा भार, गुडघ्याचं वळण, पावलाचा तोल दिसतो. निऱ्या खाली पडतात तशा पडल्या आहेत, काष्टा ओढला जातो तसा ओढला आहे. जे. जे.त ग्रीक मूर्तींच्या प्लास्टर-प्रतींवरून शिकवत. या मुलानं त्यातली वस्त्र हाताळण्याची रीत तेवढी घेतली आणि ती आपल्या आईबहिणींच्या नेसण्याला लावली.

बॉम्बे आर्ट सोसायटीनं त्याला रौप्यपदक दिलं. हिंदुस्थानात शिल्प आणि चित्र ललितकला म्हणून नाहीतच, असं 1880 मध्ये छापून मोकळ्या झालेल्या जॉर्ज बर्डवूड यांनी 1898 मध्ये या मूर्तीचं भरभरून कौतुक केलं. मला स्वतःला बर्डवूडच्या शिफारशीचं फार मोल वाटत नाही. याच गृहस्थांनी 1910 मध्ये एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीला उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली. ज्याला ग्रीकसारखं दिसेल तेच सुंदर वाटतं, त्याचं कौतुक म्हात्र्यांपेक्षा ग्रीकांचं जास्त. खरी दाद दिली ती रवींद्रनाथ ठाकूर यांनी, बंगालीत या मूर्तीवर स्वतंत्र लेख लिहून. एका मराठी विद्यार्थ्याच्या प्लास्टरवर कलकत्त्याचा कवी लिहितो, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

आता या दोन मुली शेजारी उभ्या करून पाहाव्यात. बेसीची मुलगी नाचते, कारण तिला नाचावंसं वाटतं. म्हात्र्यांची मुलगी चालते, पण तिला देवळाकडे निघावं लागतं. तिच्या हातात पूजेचं साहित्य दिल्याशिवाय तिला एकटीनं रस्त्यावर उभं राहता आलं नसतं. हा म्हात्र्यांचा दोष नाही, तो काळ तसा होता. पण दीपलक्ष्मीचा दिवा आणि मंदिरपथगामिनीची पूजा यांत मला एकच सूत्र दिसतं. आपल्या समाजाला तरुण बाईचं शरीर डोळे भरून पाहायचं तर मध्ये काहीतरी पवित्र काम ठेवावं लागत होतं.

याचं एक फार हृद्य उदाहरण तमिळ मुलखात आहे. कुंभकोणमजवळ तिरुविडैमरुदूरच्या शिवमंदिरात एक दीपलक्ष्मी आहे. तंजावरच्या मराठा राजघराण्यातल्या अम्मणी नावाच्या मुलीनं प्रतापसिंह या आपल्या नात्यातल्या मुलाशी लग्न व्हावं म्हणून लाख दिव्यांचा नवस केला. तो फळला तेव्हा, 1853 मध्ये, तिनं दिवा धरलेली स्वतःचीच मूर्ती तिथे उभी केली. तसं मूर्तीच्या बैठकीवर कोरलं आहे. नावानिशी ओळखता येणारी, प्रेमात असलेली, तरुण मराठी मुलगी धातूत ओतली गेली आणि तिलाही दिवा हातात घेऊनच उभं राहावं लागलं. मला ही मूर्ती फार जवळची वाटते. नवसाच्या आडून का होईना, तिनं स्वतःला घडवून घेतलं.

म्हात्र्यांपुढे रस्ता उघडा होता. मंदिरपथगामिनीची वीतभर आवृत्ती निघाली असती, ब्राँझमध्ये ओतली गेली असती, तर दादर-गिरगावच्या घरांत ती गेली असती असं मला ठामपणे वाटतं. पुरावा रविवर्म्यांचा आहे. 1894 मध्ये त्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि साडीतल्या लक्ष्मी-सरस्वती कागदावरून घराघरांत शिरल्या. कागदावरच्या बाईला गिऱ्हाईक होतं. धातूतल्या बाईला कारखाना नव्हता. जे. जे.चा शिल्पकार आणि बाजारातला ओतारी एकाच शहरात राहून एकमेकांच्या दारात गेले नाहीत. एक कलावंत, दुसरा कारागीर, आणि मध्ये जातीची, शिक्षणाची, इंग्रजीची भिंत. माझ्या मते मराठी शिल्पकलेचं सर्वांत मोठं नुकसान या भिंतीनं केलं.

मग शिल्पकारांनी पोटासाठी काय केलं? पुतळे. म्हात्र्यांनी राणी व्हिक्टोरिया घडवली, न्यायमूर्ती रानडे घडवले. सासवण्याच्या नानासाहेब करमरकरांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांच्या नजरेस ते पडलं आणि हा मुलगा जे. जे.ला गेला. पुढे करमरकरांनी पुण्याच्या शिवाजी स्मारकासाठी अश्वारूढ शिवछत्रपती घडवले, माझगाव गोदीत ओतले, आणि 1928 मध्ये ते उभे राहिले. जहाजं बांधणाऱ्या गोदीत महाराजांचा घोडा ओतला जातो, हे वाचून आजही अंगावर काटा येतो. पण त्याच करमरकरांची ‘मत्स्यगंधा’ पाहावी. कोळ्याची तरुण पोर. त्यांच्या सासवण्याच्या घरी, आता जे शिल्पालय झालं आहे तिथे ती आहे. घोड्यावरच्या राजासमोर आपण मान वर करून उभे राहतो. मत्स्यगंधेसमोर मात्र आपण शेजारी असल्यासारखे थांबतो. करमरकरांचं मन तिथे होतं, असं त्यांचं घरातलं काम पाहून मला वाटतं. चौकानं त्यांच्याकडे घोडा मागितला, मुलगी कुणीच मागितली नाही.

आणि यातलं कितीतरी काम प्लास्टरमध्ये राहिलं. प्लास्टर हे मधलं ठाणं असतं, शेवटचं नव्हे. ते ठिसूळ, ओल शोषणारं, पाण्यात राहिलं तर मऊ पडणारं. पानशेतच्या माणसाला पाण्याबद्दल वेगळं सांगायला नको. 12 जुलै 1961 च्या सकाळी इथलं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या गाळात कागद लगदा होतो, कापड कुजतं, प्लास्टर मऊ पडतं. तांबं, पितळ, ब्राँझ धुऊन घेतलं की परत उभं राहतं. लेखिकेनं ब्राँझचाच हट्ट का धरला, याचं उत्तर तिच्या खिडकीतून दिसणाऱ्या तानाजीसागरात, म्हणजे याच धरणाच्या जलाशयात आहे. जे ओतलं जात नाही ते आपण नशिबावर सोडलेलं असतं.

तिच्या मुलींच्या हातात तिनं काही दिलेलं नाही, हे मला या कामातलं सर्वांत मोठं धाडस वाटतं. इरलंवालीच्या डोक्यावर इरलं आहे ते पाऊस आहे म्हणून. यष्टीची वाट पाहणारीच्या हातात तर पिशवीसुद्धा नाही. ती कुठे चालली आहे हे मूर्ती सांगत नाही आणि आपणही विचारायचं नाही. म्हात्र्यांच्या मुलीला देवळात जायचं होतं. हिला कुठेही जायचं असेल. सव्वाशे वर्षांत मराठी शिल्पातल्या तरुण मुलीनं एवढा रस्ता चालला आहे, आणि तो वेल्हे-पानशेतच्या मावळात चालला गेला याचा मला मनापासून आनंद आहे.

वाचकांना दोन विनंत्या. सासवण्याला जा, जे. जे.तली मंदिरपथगामिनी पाहायची संधी मिळाली तर सोडू नका, आणि जिथे जुन्या शिल्पकारांची प्लास्टरं पडून आहेत तिथल्या विश्वस्तांना ती ब्राँझमध्ये ओतून घ्या म्हणून सांगा. दुसरी विनंती घरातली. वाडा पाडताना, वाटण्या होताना पितळ-तांबं किलोवर मोडीत जातं. पोतं बांधण्याआधी ते एकदा उजेडात ओतून पाहा. त्यात एखादी दीपलक्ष्मी, एखादी अडकित्त्यावरची बाई निघाली तर तिचा फोटो काढा, ती कुणाची, कुठल्या गावची, कुणी आणली हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा, आणि ती मोडीत देऊ नका.

पानशेत, जि. पुणे